चहा पाण्याची जागा घेऊ शकेल काय ?

दारी आलेल्या पाहुण्यापुढे प्रथम पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा ठेवावा, अशी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील जुनी रीत होती. उन्हातून चालत आलेल्या माणसाची पहिली गरज पाणी ही होय, एवढे साधे शहाणपण त्या रीतीमागे होते. विसाव्या शतकात चहा घरोघर पोहोचला. १९०३ च्या कायद्यान्वये चहावर उपकर बसविण्यात आला होता. त्यातून उभ्या राहिलेल्या निधीच्या आधारे, विशेषतः १९३० नंतरच्या दशकात, देशांतर्गत चहाच्या प्रसाराची मोठी मोहीम राबविण्यात आली. हळूहळू गूळ-पाण्याची जागा चहाने घेतली. ‘चहापाणी’ हा जोडशब्द भाषेत रूढ झाला खरा. परंतु व्यवहारात त्यातील पाणी मागे पडले आणि बहुधा चहाच शिल्लक राहिला.

आज शेताच्या बांधावर, शाळेच्या शिक्षकदालनात, ग्रामपंचायतीच्या बैठकीत आणि तालुक्याच्या कचेरीत दिवसातून चार-पाच वेळा चहा होतो. पाण्याचा पेला मात्र पुष्कळदा विसरला जातो. याविषयी दोन परस्परविरोधी समज प्रचलित आहेत. चहा म्हणजे पाणीच, तेव्हा निराळे पाणी पिण्याचे कारण नाही, असे काहीजण मानतात. चहा शरीरातील पाणी उलट बाहेर काढतो, म्हणून तो हिशेबातच धरू नये, असे दुसरे काही सांगतात. या दोन्ही समजांत थोडे तथ्य आणि बरीच चूक आहे. हा प्रश्न वरवर घरगुती दिसत असला तरी स्त्रियांचा रक्तक्षय, उन्हात राबणाऱ्यांचे आरोग्य आणि शाळकरी मुलांची वाढ यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. त्यामुळे त्याचा नीट विचार होणे आवश्यक आहे.

शरीरातील पाण्याचा जमाखर्च

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. स्त्रियांमध्ये हे प्रमाण थोडे कमी, तर नवजात अर्भकात सुमारे ७५ टक्के असते. अन्नरस पेशींपर्यंत पोहोचविणे, निरुपयोगी द्रव्ये मूत्रावाटे बाहेर टाकणे आणि घामाच्या योगाने शरीराचे तापमान आटोक्यात ठेवणे ही कामे पाण्यावाचून होऊ शकत नाहीत. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यांपैकी बहुतेक सर्व पाणी ती शरीराला परत देतात आणि साधारणपणे दीड लिटर मूत्र बाहेर पडते. पाणी कितीही कमी पडले तरी शरीरातील टाकाऊ द्रव्ये विरघळवून बाहेर काढण्यासाठी रोज निदान अर्धा लिटर मूत्र तयार व्हावेच लागते.

फारसे श्रम न करणाऱ्या प्रौढ माणसाचा एका दिवसाचा हिशेब मांडून पाहता येईल. मूत्रावाटे दीड लिटर, श्वासोच्छ्वास व त्वचा यांवाटे नकळत सुमारे ८०० ते ९०० मिलिलिटर आणि मलावाटे शंभर-दीडशे मिलिलिटर असे एकूण अडीच लिटरच्या आसपास पाणी खर्ची पडते. जमेच्या बाजूला अन्नातून, म्हणजे भात, वरण, भाजी, फळे यांतून पाऊण लिटर मिळते; अन्नाचे ज्वलन होताना शरीरातच पाव लिटर तयार होते. उरलेले दीड लिटर पिण्याच्या द्रवातूनच यावे लागते. हा हिशेब सावलीत बसून काम करणाऱ्याचा आहे. उन्हाळा, अंगमेहनत, ताप, गर्भारपण, अंगावर पाजणे यांपैकी कोणतेही कारण असले की खर्च वाढतो आणि जमाही वाढवावी लागते.

सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा त्यामुळे सांगता येत नाही. युरोपातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये अन्न व पेय मिळून स्त्रियांसाठी दोन लिटर आणि पुरुषांसाठी अडीच लिटर पाणी पुरेसे मानले. तेथील हवामान समशीतोष्ण आहे, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. तेथील शेतमजुराला हा आकडा कसा पुरणार? आकड्यापेक्षा शरीराची खूण अधिक विश्वसनीय असते. मूत्राचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी सामान्यतः पुरेसे आहे. तो गडद होऊ लागला, प्रमाण घटले किंवा जळजळ होऊ लागली, तर पाणी कमी पडत असल्याचा संभव असतो. पाणी वाढवूनही रंग गडदच राहिला तर कावीळ वा अन्य आजाराची शंका घेऊन वैद्यकीय सल्ला घ्यावा.

चहा जमेच्या बाजूस धरावा काय ?

चहात कॅफीन हे उत्तेजक द्रव्य असते आणि कॅफीनमुळे मूत्राचे प्रमाण वाढते, हे खरे आहे. त्यावरूनच चहा शरीर कोरडे करतो, हा समज पसरला. तथापि, हा परिणाम मात्रेवर अवलंबून असतो. ब्रिटनमध्ये २१ निरोगी पुरुषांवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही तासांच्या अंतराने चार ते सहा मोठे कप चहा देण्यात आला. दुसऱ्या वेळी तितकेच कोमट पाणी देण्यात आले. रक्त व मूत्र यांच्या तपासणीत दोहोंमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पुढे २०१६ मध्ये ७२ पुरुषांवर तेरा प्रकारच्या पेयांची तुलना प्रसिद्ध झाली. तीतही चहा पाण्याच्या बरोबरीने शरीरात टिकतो, असेच दिसून आले.

तेव्हा बेताचा चहा शरीरातील पाणी काढून टाकतो, हे म्हणणे टिकत नाही. चहातील पाणी जमेच्या बाजूस धरावयास हरकत नाही. चहाचा आणखी एक गुण मान्य केला पाहिजे. तो उकळून केलेला असतो. जेथे पाण्याच्या शुद्धतेची खात्री नाही, तेथे उकळलेले पेय कच्च्या पाण्यापेक्षा सुरक्षित ठरते. मात्र हा गुण उकळण्याचा आहे, चहापत्तीचा नव्हे. तेच पाणी उकळून, गाळून, निववून प्यायल्यास तोच लाभ पदरात पडतो. उकळल्याने रोगजंतू मरतात. पाण्यात विरघळलेले फ्लोराइड मात्र जात नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे. चहाचे झाड आपल्या पानांत फ्लोराइड साठवून ठेवते. म्हणून अशा गावांत वारंवार चहा पिणे हा फ्लोराइडच्या भारात भर घालण्याचाच प्रकार होय.

मग चहा पुरेसा का नाही ?

पहिले कारण परिमाणाचे आहे. वरील प्रयोगांतील कप मोठे होते आणि प्रयोगात भाग घेणारे पुरुष निरोगी असून श्रम करीत नव्हते. आपल्याकडील टपरीवरचा पेला पुष्कळदा शंभर मिलिलिटरही भरत नाही. असे चार पेले घेतले तरी अर्धा लिटर होत नाही. मनाला मात्र काहीतरी प्यायल्याचे समाधान मिळते आणि पाण्याची आठवण मागे पडते.

दुसरे कारण साखरेचे. चहाच्या एका चमच्यात चार ते पाच ग्रॅम साखर मावते. दोन चमचे साखरेचे पाच कप घेणाऱ्याच्या पोटात केवळ चहावाटे ४० ते ५० ग्रॅम साखर जाते. वरून घातलेली साखर आहारातील एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली आहे. दोन हजार उष्मांकांचा आहार घेणाऱ्यासाठी ही मर्यादा ५० ग्रॅम होते. म्हणजे तहान चहावर भागवू पाहणारा माणूस साखरेची जवळजवळ सर्व मर्यादा चहातच संपवितो.

तिसरे कारण कॅफीनचे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते आणि दिवसभरात ३०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. दीड-दोन लिटर द्रवाची गरज केवळ चहातून भागवावयाची म्हटले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाईल. झोप न लागणे, छातीत धडधडणे, आम्लपित्त वाढणे या तक्रारी त्यातूनच उद्भवतात. शिवाय चहाने भूक मरते. पहाटे उपाशीपोटी कोरा चहा घेऊन कामावर निघणाऱ्या मजुराला तरतरी वाटते. पण त्याच्या पोटात ना पुरेसे पाणी गेलेले असते, ना अन्न.

जेवणानंतरचा चहा आणि रक्तक्षय

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. चहातील टॅनिनवर्गीय द्रव्ये अन्नातील लोहाशी संयोग पावतात आणि ते लोह आतड्यातून शोषले जात नाही. धान्ये, कडधान्ये व पालेभाज्या यांतील लोहावर हा परिणाम विशेष होतो. आणि बहुसंख्य कुटुंबांना लोह मिळते ते याच अन्नातून. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनजवळ राहणाऱ्या भारतीय वंशाच्या गृहिणींवर केलेला एक अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. भात आणि बटाटा-कांद्याचे सार अशा जेवणाबरोबर चहा घेतला असता लोहाचे शोषण सुमारे एक-चतुर्थांशावर आले, असे त्यात आढळून आले.

या निष्कर्षाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध उघड आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ स्त्रियांना रक्तक्षय होता. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात आणि केवळ चहाला दोष देणे योग्य होणार नाही. परंतु जी स्त्री घरात सर्वांच्या शेवटी जेवते, जिच्या ताटात भाजी थोडी उरते आणि जी जेवण होताच चहा घेते, तिच्या अल्पशा लोहातीलही मोठा भाग वाया जातो. हा तोटा टाळण्यासाठी पैसा खर्च करावा लागत नाही. जेवणापूर्वी एक तास व जेवणानंतर एक तास चहा घेऊ नये, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे सांगणे आहे. जेवणाबरोबर पाणी घ्यावे आणि ताटात लिंबाची फोड, आवळा किंवा पेरू असावा; त्यांतील ‘क’ जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास मदत करते. शाळांतून व अंगणवाड्यांतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम लागू आहे. ती गोळी पाण्याबरोबर घ्यावी. चहाबरोबर घेतलेल्या गोळीचा पुरता उपयोग होत नाही.

उन्हातील श्रम

कडक उन्हात जड काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. तासाला अर्धा लिटर एवढाच घाम धरला तरी सहा तासांत तीन लिटर पाणी गेले. ५० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातून एक लिटर पाणी कमी झाले म्हणजे त्याच्या वजनाचे दोन टक्के घटले. एवढ्यानेच काम करण्याची शक्ती आणि लक्ष ही दोन्ही उणावू लागतात. त्या स्थितीत टपरीवरचे दोन पेले चहा तुटीचा अल्पसा भागही भरून काढू शकत नाहीत.

तहान लागेपर्यंत थांबू नये, हा येथे मुख्य नियम होय. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी घ्यावे. एकाच वेळी फार पाणी पिण्याने रक्तातील क्षार पातळ होतात. म्हणून तासाला दीड लिटरपेक्षा अधिक पिणे टाळावे. घामाबरोबर मीठही जाते. ते नेहमीच्या जेवणातून बव्हंशी भरून निघते. दीर्घकाळ घाम आल्यास मीठ घातलेले ताक, लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे, कोकणातील कोकम सरबत किंवा नाचणीची आंबील यांचा चांगला उपयोग होतो. ही पेये आपल्या हवामानाच्या अनुभवातूनच रूढ झाली आहेत. उन्हात काम करणाऱ्याला भ्रम होऊ लागला, अंग अतिशय तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात चहा किंवा पाणी कदापि घालू नये.

ज्यांच्याकडे विशेष लक्ष हवे

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये. पाणीही नाही आणि चहाही नाही. मोठ्या मुलांच्या बाबतीत सकाळची चहा-पोळी किंवा चहा-बिस्किटे हाच नाश्ता होण्याची सवय मोडणे अगत्याचे आहे. या चहामुळे दूध, भाकरी, उसळ यांची जागा जाते आणि पोळीतील लोहही पुरते अंगी लागत नाही.

वृद्धांमध्ये तहानेची जाणीव मंदावते. त्यांना आठवण करून, थोडे थोडे पाणी दिले पाहिजे. मूतखड्याचा त्रास झालेल्यांनी दिवसाला दोन ते अडीच लिटर मूत्र होईल इतके पाणी प्यावे, असे सामान्यतः सांगितले जाते. याउलट हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पाण्यावर मर्यादा असू शकते; त्यांनी डॉक्टरांनी नेमून दिलेले प्रमाणच पाळावे. अतिसार झाला असता चहावर विसंबणे धोक्याचे आहे. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. तेच द्रावण आज जलसंजीवनी म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. पुडी जवळ नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घरीही तयार करता येते.

पाणी कमी का प्यायले जाते ?

केवळ उपदेशाने हा प्रश्न सुटणार नाही. कारण पाणी न पिणे हे नेहमीच अज्ञानाचे लक्षण नसते. पुष्कळ विद्यार्थिनी शाळेत पाणी पिण्याचे टाळतात, कारण तेथील स्वच्छतागृह बंद असते, अस्वच्छ असते किंवा त्यात पाणी नसते. शेतावर व ऊसतोडीच्या फडावर काम करणाऱ्या स्त्रियांचीही हीच अडचण असते. आडोसा नाही म्हणून दिवसभर तहान मारावयाची, अशी ती सक्तीची सवय होय. मूत्रमार्गाचे विकार त्यातून बळावतात. अशा स्त्रीला ‘पाणी भरपूर प्या’ असे सांगणे निरर्थक ठरते. आधी स्वच्छतागृहाची सोय झाली पाहिजे.

दुसरी अडचण पाण्याच्या विश्वासार्हतेची. पाणी गढूळ दिसते, त्याला वास येतो, टाकी धुतली जात नाही, म्हणून लोक चहाकडे वळतात. जलजीवन मिशनची घोषणा २०१९ मध्ये झाली, तेव्हा ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविण्यात आले. त्यातील पिण्याचा वाटा अवघ्या काही लिटरांचा असतो. पण तेवढे पाणी निर्धोक आणि हाताशी असणे यावरच बाकी सर्व अवलंबून आहे.

संस्थांचे कर्तव्य

कामाच्या जागी पिण्याचे पाणी ही मेहेरबानी नव्हे, हे तत्त्व आपल्या कायद्यांनी फार पूर्वी स्वीकारले आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमात पिण्याच्या पाण्याची व्यवस्था बंधनकारक करण्यात आली आणि अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी उन्हाळ्यात थंड पाणी देण्याची तरतूद झाली. ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात कामावर सुरक्षित पाणी व सावली यांचा समावेश करण्यात आला. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत पुरेसे सुरक्षित पाणी आणि मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरविली. या तरतुदींचे फळ स्थानिक पातळीवरच्या दक्षतेवर अवलंबून असते.

ग्रामपंचायतीने जलसुरक्षकाकडून ब्लीचिंग पावडरचा नियमित वापर होतो की नाही, हे पाहावे. नळाच्या अखेरच्या टोकाला पाण्याची ओ. टी. चाचणी घेतली जाते काय, याची नोंदवही सदस्यांनी महिन्यातून एकदा तरी स्वतः चाळावी. सार्वजनिक टाकी ठराविक दिवशी धुवावी आणि ती तारीख टाकीवर लिहावी. एस. टी. थांबा, बाजारतळ व दवाखाना येथे उन्हाळ्यापूर्वीच पाणपोई सुरू करावी. रांजणावर झाकण आणि पाणी काढण्यास लांब दांड्याचे ओगराळे असावे. हात बुडवून घेतलेले पाणी शुद्ध राहत नाही.

शिक्षकांना याहूनही सोपा मार्ग उपलब्ध आहे. २०१९ मध्ये केरळमधील शाळांनी ठराविक वेळी पाणी पिण्यासाठी घंटा देण्याची पद्धत सुरू केली आणि इतर राज्यांनीही तिचे अनुकरण केले. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज पडत नाही. मात्र घंटेबरोबर स्वच्छतागृहाचे दारही उघडे असले पाहिजे. अन्यथा मुली घंटा ऐकूनही तहानलेल्याच राहतील. कार्यालयप्रमुखांनी बैठकीत प्रथम पाणी, नंतर चहा, असा क्रम ठेवावा आणि आलेल्या अभ्यागताला बसावयास सांगताना पाणी विचारावे.

चहा सोडून देण्याची आवश्यकता नाही. दोन-तीन कप, कमी साखरेचा, जेवणापासून तासाभराच्या अंतराने घेतलेला चहा निरोगी प्रौढास अपायकारक नाही आणि त्यातील पाणी शरीराच्या उपयोगी पडते. परंतु तहान भागविण्याचे काम पाण्याचेच आहे, आणि ते पाणी शुद्ध स्वरूपात, कामाच्या जागी, स्वच्छतागृहाच्या सोयीसह उपलब्ध करून देणे हे पंचायत, शाळा व कचेरी यांचे काम आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर गावातील पिण्याच्या पाण्याची तपासणी आणि शाळेतील स्वच्छतागृहाची स्थिती हे दोन विषय आले, तर या विचाराचा गावाला प्रत्यक्ष लाभ होईल.